लिहिण्याची साधनं आणि ती सोडण्याची कारणं

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीच्या अभ्यासाची वाट पाडली. त्या वाटेने जाणाऱ्या अनेकांसारखा मीही भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी, लाखांदूर, पवनीकडचे शब्द नव्वदच्या दशकापासून टिपत आलो. या काळात लिहिण्याची साधनं एकामागून एक सोडली. प्रत्येक वेळी निमित्त वेगळं असे, पण मुळाशी प्रश्न एकच होता: मी लिहिलेलं उद्या दुसऱ्या यंत्रावर जसंच्या तसं उघडेल का?

सुरुवात टाइपरायटरवर झाली. बोटांना रेमिंग्टन मांडणीची सवय होती आणि कार्बन लावला की प्रतही मिळे. पण शब्दयादी वर्णानुक्रमे लागते. मध्येच एक नवा शब्द आला की पूर्ण पान पुन्हा टंकावं लागे. यादी वाढत गेली तसं ते अशक्य झालं.

मग डीटीपी सेंटरांचा काळ आला. पेजमेकर, श्रीलिपी ही सॉफ्टवेअर आणि कृतीदेव हा फॉन्ट ही नावं सगळ्यांच्या तोंडी होती. कृतीदेवमध्ये रेमिंग्टनचीच मांडणी असल्याने हात लगेच बसला. छपाईही देखणी येई. अडचण आत होती. पडद्यावर ‘का’ दिसे, फाइलमध्ये मात्र इंग्रजी ‘डी’ आणि ‘के’ साठत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदली जाई. त्यामुळे संगणकाला क-ख-ग हा क्रम कळतच नसे, आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अख्खा कोश निरर्थक इंग्रजी अक्षरांचा होई. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आमगाव-देवरीकडच्या नोंदींपुढचा जिल्हा बदलायचा होता. त्याच वेळी ही पद्धत सोडायचं ठरवलं.

सीडॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमुळे इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिकलो. व्यंजन आधी, मात्रा नंतर. जसं बोलतो तसं टंकायचं. ही सवय आजही कामी येते. पुढे विंडोज 2000 मध्ये मंगल फॉन्टसह युनिकोड देवनागरी आली आणि अक्षराला स्वतःची कायमची ओळख मिळाली. मात्र त्या काळच्या नोटपॅडमध्ये फाइल ‘एएनएसआय’ या जुन्या पद्धतीत जतन केली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरत. प्रोग्रामरांच्या आवडीचे काळ्या पडद्यावरचे एडिटरही वापरून पाहिले. तिथे जोडाक्षरं विस्कटत, कर्सर नेमका कुठल्या मात्रेवर आहे ते समजत नसे.

2017 च्या सुमारास फोनवर मराठी बोलून लिहिता येऊ लागलं. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टिपायला यापेक्षा चांगलं काय, असं वाटलं. पण ‘डोरा’ म्हटलं की ‘डोळा’ उमटे, ‘पानी’चं ‘पाणी’ होई. जी बोली जपायची, तीच साधन दुरुस्त करून टाकत होतं. झाडीबोलीपुरतं तेही बंद केलं.

आता साधी मजकूर-फाइल, युनिकोडची यूटीएफ-8 पद्धत, इनस्क्रिप्ट, आणि शब्दतपासणी बंद. पानाची सजावट पुस्तक छापताना होते. मूळ मजकूर तिच्यापासून वेगळा राहतो.

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पुस्तकं, स्मरणिका, नाटकांच्या संहिता जुन्या फॉन्टमध्ये अडकून आहेत. फॉन्ट आणि ते ओळखणारी माणसं हाताशी आहेत तोवर त्या फाइल्स युनिकोडमध्ये आणायला हव्यात. डीटीपी सेंटरवाल्यांनी आणि साहित्य मंडळांनी मिळून हे काम हाती घ्यावं. माझ्याकडून लागेल तेवढा वेळ मी देईन.