सीमेपलीकडची वार्ता

शांततेच्या काळात बातमीला पुरावा मागण्याची वेळ सामान्य वाचकावर क्वचितच येते. अपघात झाला तर पोलिसांची नोंद असते, रुग्णालयाचा कागद असतो, बातमीदाराला जागेवर जाता येते. आणि वेडेवाकडे काही छापले गेलेच तर दुसऱ्या दिवशी खुलासा येतो. परंतु एखाद्या प्रदेशातील प्रजा जुलमी सत्तेविरुद्ध उठते आणि ती सत्ता तारायंत्रे, छापखाने व रस्ते मुठीत धरून बसते, तेव्हा ही सारी व्यवस्था एकाएकी नाहीशी होते. बातमीची शहानिशा ज्याच्याकडे करावयाची, आरोप नेमका त्याच्यावरच असतो. मग उरतो तो धापा टाकीत सीमा ओलांडून आलेला एखादा मनुष्य. तो म्हणतो, ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.’ त्याच्या शब्दावर किती भार टाकावा?

या प्रश्नाशी बेळगावची ओळख जुनी आहे. गोव्यात पोर्तुगिजांची, म्हणजे त्या काळी सालाझारची, सत्ता होती तेव्हा गोव्याची हाक प्रथम ऐकू येई ती बेळगाव आणि सावंतवाडी या दोन ठिकाणी. आंबोलीचा घाट, चोर्ल्याची वाट, लोंढ्यावरून कॅसलरॉक आणि तेथून खाली कुळ्याला उतरणारा लोहमार्ग, या वाटांनी माणसे येत आणि त्यांच्याबरोबर वार्ता येत. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावला बंदी मोडून भाषण केले, आणि तेव्हापासून ही ये-जा वाढत गेली. पुढे पीटर आल्वारिस यांच्या नेतृत्वाखालील नॅशनल काँग्रेस गोवा या संघटनेचे काम बेळगावातून चाले. बाबुराव ठाकूर यांचा ‘तरुण भारत’ही बेळगावातूनच निघत असे. पलीकडे मात्र मुद्रणपूर्व तपासणीवाचून एक ओळ छापता येत नव्हती. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा सरकारी नजरेखालून जात असे. अशा प्रदेशातून कोणती बातमी ‘अधिकृत’ म्हणून येणार?

मग आला १५ ऑगस्ट १९५५. त्याआधी मे महिन्यात नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली होती, जुलैमध्ये मधू लिमये गेले होते. परंतु त्या दिवशी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले काही हजार निःशस्त्र सत्याग्रही एकाच वेळी अनेक ठिकाणांहून आत शिरले. कोणी बांद्याहून पत्रादेवीच्या नाक्यावर गेले, कोणी कॅसलरॉकच्या बाजूने रुळांवरून चालत निघाले. पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. संध्याकाळपर्यंत जखमी आणि थकलेली माणसे परतू लागली, आणि प्रत्येकाच्या तोंडी एक हकीकत होती.

त्या दिवशी किती माणसे मारली गेली? आज इतक्या वर्षांनंतरही पुस्तकापुस्तकांत हा आकडा वेगळा सापडतो. कोठे वीस-बावीस, कोठे तिसाच्याही पुढे. परतलेले लोक खोटे बोलले म्हणून असे झाले, असे कोणी समजू नये. पंजाबातला, बंगालमधला, मध्य प्रदेशातला आणि पुण्याचा मनुष्य एका तुकडीत खांद्याला खांदा लावून चालत होता. एकाला दुसऱ्याचे पुरते नावही ठाऊक नसे. काही देह पलीकडेच राहिले. काही जखमी अलीकडे आणले गेल्यावर मरण पावले. एकाच मृत्यूची वार्ता दोन वाटांनी आली की एकाचे दोन होतात, आणि ज्याची वार्ता कोणीच आणली नाही तो हिशेबातूनच गळतो. गोळ्या सुटू लागल्यावर मनुष्य जमिनीवर पडून राहतो. मोजदाद करीत उभा राहत नाही. म्हणून माझे असे मत आहे की साक्षीदाराच्या कथनात सर्वांत कच्चा भाग असतो तो आकड्याचा, आणि दुर्दैव असे की बातमीच्या मथळ्यात आपण नेमका तोच उचलतो.

येथे आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. ‘तो पडला’ असे मराठीत म्हटले तर तो ठेच लागून पडला असेल, गोळी लागून पडला असेल, किंवा रणात पडला, म्हणजे मेला, असेही असेल. ‘तो गेला’ या दोन शब्दांची तीच गत. प्रत्यक्ष पाहणारा प्रामाणिकपणे म्हणतो, ‘माझ्या पुढचा पडला.’ ऐकणारा पुढच्या गावी सांगतो, ‘पुढचा गेला.’ पुणे-बंगळूर रस्त्याने ही वार्ता संकेश्वर, निपाणी करीत कोल्हापुरास पोचेपर्यंत त्या गेलेल्या माणसाला नाव, गाव आणि शेवटचे उद्गारही चिकटू शकतात. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवांवर एक ग्रंथ लिहिला. पाच-सहा तोंडांतून जाताना हकिकतीतले बहुतेक तपशील गळतात आणि उरलेले मात्र अधिक टोकदार होतात, असे त्यांना प्रयोगांत दिसले. विषय जितका जिव्हाळ्याचा आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोमाने वाढते, हे त्यांचे सूत्र. सत्याग्रहींच्या घरच्या मंडळींची त्या रात्रीची अवस्था या सूत्राला अगदी तंतोतंत बसणारी होती.

म्हणून सांगणाऱ्याची हकीकत ऐकताना ती दोन भागांत वाटून घ्यावी लागते. त्याने स्वतः काय पाहिले, आणि वाटेत काय ऐकले? तो कोठे उभा होता? गोळी सुटली तेव्हा त्याचे तोंड कोणीकडे होते? पडलेल्या माणसाजवळ तो गेला होता काय? हे प्रश्न उलटतपासणीच्या कठोर स्वरात विचारले तर बिचारा दुखावला जाईल. तोही मरणाच्या दारातून आलेला असतो. पण विचारायला हवेतच. न्यायालय तरी दुसरे काय विचारते? १८७२ च्या पुरावा कायद्याने पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्यानेच द्यावी असे सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यातही ते तत्त्व कायम आहे. भेद इतकाच की न्यायाधीशाला निकाल द्यायला महिने मिळतात. संपादकाला पहाटेपूर्वी पान सोडायचे असते, आणि एखाद्या आईला आताच्या आता कळायला हवे असते.

दोन साक्षीदार मिळाले की बातमी पक्की झाली, अशीही एक समजूत आहे. पण ते दोघे एकाच गाडीतून आले असतील, एकाच धर्मशाळेत रात्रभर बोलत बसले असतील, तर सकाळपर्यंत त्या दोन साक्षींची एकच साक्ष झालेली असते. याउलट आंबोलीच्या वाटेने आलेला आणि कॅसलरॉकवरून आलेला, अशा एकमेकांना न भेटलेल्या दोघांच्या बोलण्यात एखादी क्षुल्लक बाब जुळली, समजा शिपायांच्या कपड्यांचा रंग किंवा गोळीबारापूर्वी वाजलेली शिटी, तर तिचे मोल मोठे असते. क्षुल्लक गोष्ट कोणी ठरवून जुळवीत नाही.

पंजाबातील इसरू गावचे तरुण शिक्षक कर्नेलसिंग यांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. पत्रादेवीला सागरच्या सहोद्राबाई राय यांना ध्वज हाती असताना गोळी लागली. काही कथनांत कर्नेलसिंगांनी पुढे होऊन त्यांच्या हातचा ध्वज घेतला असे येते. काही कथनांत ते तुकडीच्या पुढाऱ्याला वाचविण्यासाठी पुढे सरसावले असे येते. त्यांचे शेवटचे शब्दही निरनिराळे सांगितले जातात. या विसंगतीवर बोट ठेवून कोणी सारी घटनाच बनावट ठरवू लागला तर ते हास्यास्पद होईल. स्थळ, दिवस, निःशस्त्र तरुणाचे पुढे येणे, समोरून आलेली गोळी आणि मृत्यू, यांविषयी कथनांत भेद नाही. सहोद्राबाई बचावल्या आणि पुढे लोकसभेत निवडून गेल्या. हकिकतीचा गाभा आणि तिची किनार यांतला हा फरक ज्याला कळला त्याला अर्धे काम साधले. किनार उसवलेली असली तरी वस्त्र खरे असू शकते. आणि माझा अनुभव असा की फारच घोटीव, कोठे टाकाही न उसवलेली हकीकतच अधिक संशयास्पद असते.

आपल्या इतिहासात याची दुसरी बाजूही आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांना पडताना निश्चितपणे पाहिले असे म्हणणारा मनुष्य पुण्यास लवकर आला नाही. त्या फटीतून आशा शिरली. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही, आणि पुढे एक तोतया उभा राहिला तेव्हा ‘हेच भाऊसाहेब’ अशी ग्वाही देणारी माणसेही निघाली. १७७६ साली त्या तोतयाला देहदंड मिळेपर्यंत हे प्रकरण पुरले. भीतीने माणूस नसलेले मरण पाहतो, आणि आशेने नसलेले जीवनही. दोन्ही वेळा तो शपथेवर सांगायला तयार असतो.

आता यात धोका कोणाचा, तेही पाहिले पाहिजे. चळवळीने एका जिवंत माणसाला मृत म्हणून जाहीर केले, की जुलमी सत्ता त्याला कचेरीत आणून उभे करते आणि दहा खऱ्या मृत्यूंवर त्याच एका चुकीचे पांघरूण घालते. म्हणून २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या रानातून आणि पुढे कॅसलरॉकवरून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी जे गुप्त नभोवाणी केंद्र चालविले, त्याच्या कामाचे महत्त्व मला फार वाटते. पणजीला सरकारी नभोवाणी होतीच, आणि भारताने १ सप्टेंबर १९५५ पासून गोव्यातील आपली वकिलात बंद केल्यामुळे आत आपला अधिकृत डोळाही उरला नव्हता. रानातला तो आवाज १९६१ च्या डिसेंबरपर्यंत टिकला. ऐकणारा गोमंतकीय आपल्या गावात घडलेले रोज पाहतच होता; त्याच्या गावाविषयी एक असत्य कानी पडले असते तर त्याने ते केंद्र दुसऱ्या दिवशी बंद केले असते.

दुसरा धोका साक्षीदाराचा स्वतःचा. त्याचे नाव छापावे तर पलीकडे राहिलेल्या त्याच्या घरच्यांवर संकट, न छापावे तर वाचकाने विश्वास कोणावर ठेवावा? येथे वृत्तपत्राची जुनी पत कामी येते. ‘अमुक नाक्यावरून परतलेल्या दोघांनी असे सांगितले, एकाने पडलेला मनुष्य पाहिला, मृत्यूची खात्री झालेली नाही,’ असे लांबलचक वाक्य मथळ्याला शोभत नाही खरे, पण तेवढेच प्रामाणिक असते. आणि दुसऱ्या दिवशी नवे कळले तर ते आतल्या पानावर बारीक टंकात न छापता पहिल्या पानावर, त्याच जागी छापावे. आज खिशातल्या दूरध्वनीवर चित्रफीत येते म्हणून हे काम संपले असे मानू नये. चित्रही कोठले, केव्हाचे आणि कोणी घेतलेले, हे विचारावेच लागते.

गोव्यातल्या त्या गोळीबारानंतर पाच महिन्यांनी बेळगावकरांवरच हकीकत सांगण्याची पाळी आली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी नभोवाणीवरून राज्य पुनर्रचनेची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी बेळगाव-निपाणी भागात निदर्शने उसळली आणि गोळीबार झाला. सरकार लोकनियुक्त होते. सालाझारशाहीशी त्याची तुलना करणे अन्यायाचे होईल. आणि भेद तेथेच दिसतो. वृत्तपत्रे मोकळी होती, रुग्णालये उघडी होती, विधिमंडळात प्रश्न विचारता येत होता. त्या हुतात्म्यांची नावे पक्की झाली आणि आजही १७ जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात ती घेतली जातात. पत्रादेवीचा आकडा मात्र ठरत नाही.

तथापि ‘खात्री नाही’ म्हणून सारेच झिडकारणाऱ्यांसाठी एक नाव सांगतो. १९५४-५५ मध्ये गोव्यातून येणारी माणसे पोलीस कोठडीतल्या मारहाणीच्या हकिकती सांगत, आणि त्यांत कासिमिरो मोंतेरो या अधिकाऱ्याचे नाव पुनःपुन्हा येई. पोर्तुगीज सरकार असल्या हकिकती उडवून लावी. आपल्याकडचे काही सुज्ञही त्यांना चळवळ्यांची अतिशयोक्ती समजत. १९५७ च्या फेब्रुवारीत गोरे, लिमये, त्रिदिब चौधरी प्रभृती नेते सुटले आणि कोठडी व तुरुंगाच्या आतल्या हकिकती त्यांच्या तोंडून बाहेर आल्या. पुढे १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल हुंबेर्तो देल्गादो यांची स्पेनच्या हद्दीत हत्या झाली. आणि १९७४ च्या एप्रिलमध्ये ती राजवट कोसळल्यावर खुद्द पोर्तुगालच्या लष्करी न्यायालयाने त्या हत्येसाठी याच मोंतेरोला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरविले. पेडणे-डिचोलीचे जे शेतकरी रात्री घाट चढून बेळगावला आले होते, त्यांनी त्याचे नाव वीस वर्षे आधीच सांगितले होते.