जुनी जर्मन गाडी : घ्यायची किंमत आणि पोसायची किंमत



शेळीपालन, तुरीचं बियाणं, गटाचं कर्ज हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र आम्ही बोलणार आहोत जुन्या जर्मन गाडीबद्दल. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी. त्यातही दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, रस्त्याला चिकटून पळणारी जी गाडी असते, तिच्याबद्दल. तिला ‘कूपे’ म्हणतात.

हसू नका बरं का. हा विषय गटांच्या बैठकांमधूनच आला आहे. आपल्या जिल्ह्यात कुणाची जमीन वणीकडच्या कोळसा खाणीत गेली, कुणाची वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गात, कुणाची महामार्गात. मोबदल्याची रक्कम खात्यात पडली, की थोड्याच दिवसांत घरातल्या तरण्या पोराच्या मोबाइलवर गाड्यांच्या जाहिराती दिसायला लागतात. ऐंशी लाखांची गाडी सोळा लाखांत! पोरगं म्हणतं, ‘आई, साध्या नव्या गाडीच्या भावात जर्मन गाडी मिळते आहे.’ मग एक दिवस कागद येतो आईच्या नाहीतर बायकोच्या सहीसाठी. खातं दोघांच्या नावावर असतं, किंवा कर्जाला जामीनदार लागतो. सही आपली लागणार असेल, तर माहितीही आपल्याला हवी.

गाडीची हौस असणं यात वाईट काही नाही. पोराला वेड्यात काढून प्रश्न सुटत नाही. त्याच्याबरोबर बसून हिशोब केला तर सुटतो.

इतकी स्वस्त का मिळते?

गाडी शोरूममधून बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना जो तक्ता वापरतात, तो बघा. गाडी सहा महिन्यांची झाली की ५ टक्के घट, वर्षाची होईपर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीनपर्यंत ३० टक्के, चारपर्यंत ४० टक्के आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. म्हणजे पाच वर्षांत कागदावरच निम्मी. बाजारात महागड्या गाड्या बहुधा याहून जोरात उतरतात. ज्याला ऐंशी लाखांची गाडी परवडते तो जुनी घेत नाही, आणि ज्याला जुनी परवडते तो तिच्या खर्चाला घाबरतो. गिऱ्हाईक कमी म्हणून भाव कमी.

आता मुख्य गोष्ट. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. सोळा लाखांना घेतलेल्या गाडीचा ब्रेक, टायर, गिअरबॉक्स हे सगळं ऐंशी लाखांच्याच गाडीचं असतं आणि त्याच भावात मिळतं. जर्मन कंपन्यांच्या नेहमीच्या चार दारांच्या बऱ्याच गाड्या आपल्याच राज्यात जुळवल्या जातात. मर्सिडीजचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे, ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला तयार होतात. पण दोन दारांच्या वेगवान गाड्या बहुतेक परदेशातून तयार होऊनच येतात. त्यांचा बारीकसा भागही कधी कधी जर्मनीहून मागवावा लागतो. तोवर गाडी उभी.

हत्तीचा चारा

हत्ती फुकटात मिळाला तरी चारा हत्तीएवढाच लागतो. या गाडीचा चारा काय, ते एकेक करून पाहू.

पेट्रोल : वेगवान इंजिन लिटरला सात-आठ किलोमीटर देईल असं धरा. यवतमाळहून नागपूरला जाऊन येणं म्हणजे साधारण ३०० किलोमीटर. त्याला ४० लिटर पेट्रोल. १०५ रुपये भाव धरला तर एका फेरीचे ४,२०० रुपये. एसटीत तर आपल्याला १७ मार्च २०२३ पासून अर्धंच तिकीट आहे! शिवाय या इंजिनांना साध्यापेक्षा वरच्या दर्जाचं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते या जुन्या गाडीला चालेल का, हे गाडीच्या पुस्तकात पाहून घ्यायला हवं.

टायर : रुंद, पातळ कडेचे टायर. एकेक टायर पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जातो. कडा पातळ असल्याने खड्ड्यात आदळलं की टायर फुटतो, कधी चाकही वाकतं. अनेक गाड्यांत स्टेपनी नसते.

रस्ता : गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच. बोलेरोचं सात इंच असतं. आपल्या गावातले गतिरोधक आणि पावसाळ्यातला पांदण रस्ता डोळ्यांपुढे आणा, म्हणजे बाकी सांगायला नको.

दुरुस्ती : इंजिनात सात-आठ लिटर भारी ऑइल लागतं. आपल्या मोटारसायकलला लिटरभर लागतं. बिघाड शोधायला त्या कंपनीचा संगणक हवा, आणि तसं अधिकृत वर्कशॉप नागपूरसारख्या मोठ्या शहरात. गाडी पुसदला बंद पडली तर दोराने बांधून ओढता येत नाही, गिअरबॉक्सचं नुकसान होतं. सपाट पाठीच्या टोइंग गाडीवर चढवून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर न्यावी लागते. गिअरबॉक्स गेला तर बिल लाखांत येतं.

आमचा ठोकताळा असा : गाडीच्या आजच्या किमतीवर न जाता तिच्या नव्या किमतीच्या तीन-चार टक्के रक्कम दर वर्षी विमा-दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची. ऐंशी लाखांवर ती होते २ लाख ४० हजार ते ३ लाख २० हजार. पेट्रोल वेगळं. आणि तेच सोळा लाख रुपये ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत राहिले, तर वर्षाला १ लाख १२ हजार व्याज घरात येतं. एकीकडे पैसे जाणार, दुसरीकडे येणार. दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून घरच्यांपुढे ठेवा.

बैल पारखतो तशी गाडी पारखा

एवढं करूनही घरात गाडी घ्यायचंच ठरलं, तर पारखून घ्या. ही पारख बोलेरो, पिकअप, छोटा हत्ती अशा कुठल्याही जुन्या गाडीला चालते. गटासाठी मालवाहू गाडी घेणाऱ्या मैत्रिणींनी विशेष लक्ष द्यावं.

बाजारात आपण बैलाचे दात बघतो, तसा टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का बघा. ३५२१ असेल तर २०२१ सालचा ३५वा आठवडा. किलोमीटर फार कमी दाखवत असेल आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील, तर आकडा मागे फिरवलेला असू शकतो. गाडीच्या चासी नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद मागा. तिथे प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात.

इंजिन थंड असतानाच गाडी बघायला जा. बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवली होती असं समजा. सुरू करताना निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल जाळतं आहे.

पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यांत विकल्या जातात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, पाण्याची रेघ किंवा गाळ तिथे राहतो. सीटखालचे नट गंजलेत का, गालिच्याखाली कुबट वास येतो का, हेही बघा. विजेवर चालणारी शंभर यंत्रं असलेली गाडी एकदा बुडाली की पुढे कायम कुरकुरत राहते.

आणि दोन-चार हजार फी देऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा ओळखीच्या जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्या. विकणारा तपासणीला नाही म्हणाला, तर आपणही सौद्याला नाही म्हणायचं.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा काढतो, बोजा बघतो. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. तिच्यावर बँकेचं नाव असेल तर तो बोजा. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा, पीयूसी दिसतं. दंडाची चलनंही तपासा.

नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला कंपनीला कळवायचं. नाहीतर अपघातात आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणून आपल्या घरची जुनी गाडी विकतानाही कोऱ्या फॉर्मवर सही देऊन मोकळं होऊ नका.

आपली गाडी एमएच २९. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म हवा. दिल्ली भागात २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येऊ लागल्या. पण गाडी इथे आणली की महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, आणि तो मोजताना मूळ किंमत धरली जाते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर पुन्हा नोंदणी करायला परदेशातून आलेल्या गाडीची फी १ एप्रिल २०२२ पासून ४० हजार रुपये आहे. बारा वर्षांची गाडी घेतली तर हा खर्च तीन वर्षांवर येऊन ठेपलेला असतो.

सही कुठे, कशाला?

आता आपल्या सहीकडे येऊ. जामीनदार म्हणजे ‘नुसती ओळख’ नव्हे. १८७२ सालच्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पोराने हप्ते थकवले तर बँक आपल्याकडे येऊ शकते. आपला सिबिल स्कोअर बिघडतो, मग शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी आपल्याला कर्ज मिळणं अवघड होतं. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही नव्या गाडीपेक्षा जास्त असतं.

व्याजावरून एक खरी गोष्ट सांगतो. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका गटाने एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. देशभर बातम्या झाल्या. त्यातल्या मोठ्या रकमेचं कर्ज सरकारी बँकेने ७ टक्के व्याजाने दिलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहून दाखवलं, की त्याच भागात शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या वर व्याज पडत होतं.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. एक, व्याजाचा दर आभाळातून पडत नाही, तो विचारायचा असतो आणि दोन-तीन ठिकाणी विचारून ताडून बघायचा असतो. दुसरी, ते दीडशे जण एकत्र गेले म्हणून त्यांना भाव करता आला. एकत्र जाण्याची ही विद्या तर बचत गटांना चांगलीच येते. खत घेताना, कापसाच्या गाडीचं भाडं ठरवताना, गटाचं वाहन घेताना ती वापरा.

गटाच्या बैठकीत वाचायची यादी

१. गाडी नवी असताना किती लाखांची होती? तिच्या तीन-चार टक्के रक्कम दर वर्षी कुठून येणार?
२. हे पैसे जमिनीचे आहेत का? असतील तर जमिनीच्या बदल्यात कायम उत्पन्न देणारं काही आधी झालं का?
३. आरसीवर बोजा, चलनं, विमा, नोंदणीची मुदत पाहिली का?
४. जाणत्या माणसाने गाडी थंड असताना तपासली का?
५. सही कर्जदार म्हणून, सहकर्जदार म्हणून की जामीनदार म्हणून? हप्ता किती, किती वर्षं, व्याज किती?

या पाचांची उत्तरं कागदावर येईपर्यंत सही थांबवायची. ‘आजच घ्या, उद्या गाडी जाईल’ असं कुणी म्हणालं तर जाऊ द्यावी. तशा जाहिराती उद्याही येतील, विकलेली जमीन मात्र परत येत नाही. उत्तरं समाधानाची मिळाली तर मात्र खुशाल सही करा, आणि पहिल्या दिवशी गाडीत पुढच्या सीटवर तुम्ही बसा.

पुन्हा भेटूच. रामराम.