आधी बूट, मग बोर्ड

इटलीतल्या लिव्हिन्योच्या उतारावर 8 फेब्रुवारी 2026 ला ऑस्ट्रियाच्या बेन्यामिन कार्लने स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लालमचे सलग दुसरे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि सगळ्या बातम्या त्याच्या वयाभोवती फिरल्या. चाळिशीत सुवर्ण ही बातमी आहेच. पण ती शर्यत पुन्हा पाहताना माझी नजर त्याच्या पायांवरून हलेना. हाफपाइपमध्ये कोलांट्या घेणाऱ्या खेळाडूंचे बूट मऊ असतात आणि पावले बोर्डवर जवळजवळ आडवी असतात. कार्ल, अंतिम फेरीत त्याच्याशी झुंजलेला कोरियाचा किम संग-ग्योम, महिलांत जिंकलेली चेक झुझाना मादेरोवा या सर्वांच्या पायांत मात्र टणक प्लॅस्टिकचे, बकलांनी आवळलेले बूट होते आणि पावले बोर्डच्या टोकाकडे वळलेली होती.

ते पाहून झुरिकच्या एका मित्राने विचारले, हे शिकायचे तर कोणता बोर्ड घेऊ? प्रश्नाची सुरुवातच चुकली आहे, असे मला मनापासून वाटते. आधी बूट घ्यावा.

माझ्या पहिल्या बुटांनी मला हे शिकवले. दुकानात पाऊल सैलसर बसले, बरे वाटले, मी ते घेतले. बर्फावर टाच आत उचलली जाऊ लागली. ती दाबायला बकले आवळली, तर पायाचा वरचा भाग ठणकू लागला आणि तासाभरात बोटांची जाणीवच गेली. अख्खा हंगाम मला वाटत होते की आपले तंत्र कच्चे आहे. खरे तर बूट एका मापाने मोठा होता. या बुटांचे माप म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. 27 सेंटीमीटरचे पाऊल असेल तर 27 चा बूट, रोजच्या बुटासारखी वाढती जागा धरायची नाही. दुकानात लायनर, म्हणजे बुटाचे आतले मऊ अस्तर, बाहेर काढावा, नुसत्या कवचात पाऊल घालून बोटे पुढे टेकवावीत आणि टाचेमागची फट चाचपावी. एक ते दीड सेंटीमीटर हवी. मग लायनर गरम करून पायावर बसवून घ्यावा. स्कीचे बूट चालतील का, असे पुष्कळ जण विचारतात. उतारावरच्या स्कीचा बूट घोट्यात फार ताठ असतो. इथे घोटा पुढे वाकला पाहिजे, नडगीने बुटाची जीभ दाबता आली पाहिजे.

बूट ठरला की पावलांचा कोन जवळजवळ आपोआप ठरतो. नेहमीचा बोर्ड मध्यभागी 25 सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतो, शर्यतीचा 18 ते 20. अरुंद बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर लवकर जातो, म्हणूनच तो हवा. पण त्यावर पाऊल आडवे ठेवले तर बोटे आणि टाच बाहेर लोंबतात आणि बोर्ड कलवताच बूट बर्फाला टेकतो. कड उचलली जाते, माणूस आदळतो. म्हणून पाऊल वळवायचे, ते बुटाचे टोक आणि टाच कडांच्या आत येईपर्यंत. बहुतेकांचा कोन 50 ते 65 अंशांत येतो, पुढच्या पायाचा मागच्यापेक्षा थोडा जास्त. दुसऱ्याचा कोन उसना घेऊ नये, कारण त्याचे पाऊल तुमचे नसते.

आता बोर्ड. इथे लोक लांबीवर अडतात, मी त्रिज्येवर अडेन. बोर्डच्या कडा मध्ये आत घेतलेल्या असतात आणि त्या कमानीची त्रिज्या मीटरमध्ये दिलेली असते. बोर्ड कलवून दाबला की तो वाकतो आणि कड आणखी आखूड वर्तुळावर चालू लागते. 60 अंश कलवले तर 12 मीटरच्या कडेचे वळण 6 मीटरचे होते. दुसरीकडे, घाटातल्या वळणावर मोटारसायकल जशी वेगाच्या हिशेबात झुकते, तसे शरीरालाही झुकावे लागते. या दोन गोष्टी एकत्र मांडल्या की उत्तर मिळते. ताशी 30 किलोमीटर वेगाला 10 मीटर त्रिज्येचा बोर्ड सुमारे 45 अंश कलतो, 20 मीटरचा जेमतेम 21. उतार आणि कमरेतला बाक यांनी आकडे सरकतील, पण दिशा बदलणार नाही. कार्लसारख्यांच्या 185 सेंटीमीटरच्या, मोठ्या त्रिज्येच्या बोर्डवर नवखा माणूस उभा राहिला तर बोर्ड कलतच नाही, कारण त्याच्यापाशी तो वेग नसतो. त्याला हवा 160-165 सेंटीमीटरचा, 9 ते 11 मीटर त्रिज्येचा बोर्ड. वेग वाढला की त्रिज्या वाढवावी.

बूट बोर्डला जखडणाऱ्या बाइंडिंगबद्दल थोडक्यात. बोटांकडे तारेची कडी असलेले साधे बाइंडिंग स्वस्त आणि बाजूने थोडे लवचीक असते. टाचेच्या खिळ्यांवर खट्कन बसणारे सोयीचे, पण त्याला जुळणारी टाच लागते. पुढच्या बोटांखाली आणि मागच्या टाचेखाली पाचर बसवतात. ती किती, हे घरीच सतरंजीवर बोर्ड ठेवून, बूट अडकवून, खाली बसून कळते. गुडघा पिळला जात असेल तर पाचर बदला, सवय होईल म्हणून सोसू नका.

जुना बोर्ड जरूर घ्या, पण जुने बूट घेऊ नका. प्लॅस्टिक वयाने ठिसूळ होते आणि थंडीत भर वळणावर तडकते. नवे बोर्ड महाग आहेत हे मान्य, कारण बनवणारे मोजके. स्वित्झर्लंडचा केसलर, ओक्सेस, ऑस्ट्रियात 2006 चा ऑलिंपिक कांस्यविजेता सिगी ग्राबनर, अमेरिका-कॅनडातल्या काही कार्यशाळा. 2030 च्या ऑलिंपिकमध्ये समांतर जायंट स्लालम हा प्रकार ठेवावा म्हणून खेळाडू मोहीम चालवत आहेत. तो गेला तर ही दुकानेही आकसतील. 1998 ला नागानोत स्नोबोर्ड आला तो जायंट स्लालम आणि हाफपाइप घेऊनच. त्यातला एक पाय कापू नये.

मित्राने शेवटी बूट घेतले, बोर्ड उसना आणला. पहिल्या फेरीनंतर त्याला मी मागे वळून आपली रेघ पाहायला सांगितले. दोन वळणांत ती पेन्सिलीने ओढल्यासारखी होती. तिसऱ्यात मध्येच हातभर पुसट, बाजूला बुटाने खरवडलेला बर्फ. त्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, मागचा पाय तीन अंश वळवला आणि पुन्हा लिफ्टकडे निघाला.