कॅमेऱ्यातील धूळ : दोष विजेचा की हाताळणीचा?

शिक्रापूरच्या चौकात पुणे-अहिल्यानगर रस्त्याला चाकणचा रस्ता येऊन मिळतो. अवजड गाड्यांची सतत ये-जा असल्याने धूळ ही इथल्या प्रत्येक दुकानदाराची बिनभांडवली भागीदार झाली आहे. आम्हा कापडवाल्यांचा माल ती खराब करते, तसेच लग्नाचे फोटो काढणाऱ्या बंधूंचेही नुकसान करते. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोर कण बसला की फोटोमागून फोटोत त्याच जागी काळसर ठिपका उमटतो. मग ते मोकळे आकाश असो वा नवरदेवाची पांढरी शेरवानी. शेकडो फोटोंतून असे ठिपके काढीत बसण्यात मेहनत जाते आणि गिऱ्हाईक नाराज होते ते वेगळेच.

या धंद्यात एक समज पक्का आहे. कॅमेरा चालू असला की सेन्सरमधील वीज धूळ ओढून घेते, असे अनेकजण मानतात. यात तथ्य किती?

स्थिर विजेची ओळख आम्हा कापडवाल्यांना दुकानातच होते. थंडीच्या कोरड्या दिवसांत पॉलिएस्टरची साडी उलगडली की चटचट आवाज होतो, कापड अंगाला चिकटते आणि धूळही धरते. सुती कापड हवेतील ओल शोषते, त्यामुळे त्यावर भार फारसा टिकत नाही. सूतगिरण्यांत हवा दमट ठेवतात, त्यामागे धागा तुटू नये याबरोबर हेही एक कारण आहे. तेव्हा स्थिर वीज धूळ ओढते, ही गोष्ट खरी.

मात्र सेन्सरमध्ये खेळणारी वीज अवघ्या काही व्होल्टची असते. कृत्रिम कापडावर घर्षणाने साचणारा भार हजारो व्होल्टपर्यंत जातो. शिवाय धूळ खुद्द सेन्सरवर बसत नाही, त्याच्या पुढील काचेवर बसते. ही काच कोरड्या फडक्याने घासली तर तिच्यावर भार साचू शकतो. हे जाणून सोनी कंपनीने २००६ साली आपल्या अल्फा १०० कॅमेऱ्यात भार साचू न देणारा लेप दिला. त्याआधी २००३ साली ऑलिंपसने ई-१ कॅमेऱ्यात अतिवेगाने थरथरून धूळ झाडणारी काच आणली होती.

पण धूळ आत येते ती मुख्यतः लेन्स बदलताना, उघड्या तोंडातून. काही वेळा ती कॅमेऱ्यातच तयार होते. निकॉनच्या २०१२ सालच्या डी ६०० कॅमेऱ्यात ठिपक्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१४ साली कंपनीने शटरसह भाग मोफत बदलून देण्याचे जाहीर केले. आणि एकदा बसलेला बारीक कण भार नसतानाही चिकटून राहतो.

कॅमेरा बंद करून लेन्स बदलावी, हा सल्ला तरीही योग्यच आहे, फक्त कारण निराळे. बिनआरशाच्या अनेक कॅमेऱ्यांत लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. कॅननच्या २०१८ सालच्या ईओएस आर सारख्या काही कॅमेऱ्यांत बंद करताच शटर मिटते आणि आडोसा होतो.

म्हणून आमच्या फोटोग्राफर बंधूंना सल्ला असा : रस्त्याच्या कडेला, पंख्याखाली वा मंडपात झाडलोट चालू असताना लेन्स बदलू नये. बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे. अंगावरील नायलॉन-पॉलिएस्टरच्या कापडाने काच पुसू नये, तोंडाने फुंकू नये. थुंकीचा डाग धुळीपेक्षा वाईट. रबरी फुग्याने हवा मारावी आणि त्याने न निघालेली धूळ जाणकाराकडून काढून घ्यावी. जुना कॅमेरा घेताना लेन्सचे छिद्र एफ १६ पर्यंत लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहावा; लहान छिद्रावर ठिपके स्पष्ट दिसतात. दाम ठरवण्याआधी केलेली ही तपासणी फुकट होते आणि पुढचे भांडण वाचवते.