मुलांचा वाहता कान : हयगय नको

लहान मुलाचा कान वाहू लागला की घरातील वडीलधारी माणसे सांगतात, "दात येताहेत, मोठा झाला की आपसूक थांबेल." मग पळीत गोडेतेल घ्यायचे, त्यात लसणाची पाकळी तळायची आणि ते कोमट तेल कानात सोडायचे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातही हा उपाय अजून चालतो. माता-भगिनींनो, तो आता बंद करा. कान वाहतो याचा अर्थ बहुधा कानाच्या पडद्याला भोक पडलेले असते. तेल त्या भोकातून आत उतरते, ओल टिकते आणि जंतूंना व बुरशीला आयते घर मिळते.

दुखणे कानाचे असले तरी सुरुवात बहुतेक वेळा नाकापासून होते. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. पडसे झाले की नळी सुजून बुजते, कानात पाणी साचते आणि त्याचा पू होतो. मूल रात्रभर कान धरून रडते. पहाटे पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि ठणका थांबतो. आईला वाटते, बरे झाले! वेळीच औषध मिळाले तर असा पडदा बहुधा काही आठवड्यांत भरून येतो. पण दोन आठवड्यांनंतरही कान वाहत राहिला तर आजार जुनाट झाला असे समजावे.

बाळाला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजू नये. डोके उंच धरावे. चुलीचा धूर आणि बिडीचा धूर दोन्ही या आजाराला मदत करतात. घरात बिडी ओढणाऱ्या वडिलांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

मोठ्यांचे नाकही आपल्याकडे हंगामानुसार बिघडते. सोयाबीनची मळणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की भुसकट व धूळ नाकात जाते. त्याचे वावडे असलेल्यांच्या गालाच्या व कपाळाच्या हाडांतील पोकळ्यांची, म्हणजे सायनसची, तोंडे बुजतात. वाकले की डोके जड होते. मळणीयंत्रावर नाकातोंडाला रुमाल बांधावा. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुतल्यास आराम पडतो. सर्दीनंतरचा सायनसचा त्रास बहुधा दहा दिवसांत ओसरतो. त्यासाठी दुकानातून प्रतिजैविक गोळ्या आणू नयेत. नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांपलीकडे वापरले तर तेच नाक चोंदवतात. मात्र डोळ्याभोवती सूज आली किंवा दिसणे अंधुक झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता पुन्हा मुलांकडे वळू, कारण खरे नुकसान त्यांचे आहे. भोक पडलेल्या कानाने कमी ऐकू येते. मूल मागच्या बाकावर बसते, गुरुजींचे अर्धे शब्द निसटतात, शुद्धलेखन चुकते, आणि हुशार पोरगी "मठ्ठ" ठरते. पुढे शाळा सुटते, आणि कारण कानात होते हे कोणाला कळतही नाही. हाक मारल्यावर मूल "काय?" असे वारंवार विचारत असेल तर आधी कान तपासा, मग रागवा.

घरी एवढेच करावे : स्वच्छ कापसाची वात करून कान हलक्या हाताने कोरडा करावा, वात भिजली की बदलावी. डॉक्टरांनी दिलेले थेंब कान कोरडा करूनच घालावेत. आंघोळीला कानात व्हॅसलिन लावलेला बोळा ठेवावा. विहिरीत, तलावात पोहणे बंद. दुसऱ्याच्या घरचे उरलेले थेंब वापरू नयेत. फाटक्या पडद्यातून आत गेल्यावर काही औषधे ऐकण्याची नसच खराब करतात.

पू थोडा पण दुर्गंधीयुक्त असेल, चक्कर येत असेल, कानामागे सूज असेल किंवा तोंड वाकडे झाले असेल, तर एक दिवसही थांबू नये. या प्रकारात हाड पोखरले जाते आणि पू मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करायची असते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि कानाचे आवर्जून सांगा. पुढील तपासणीसाठी बुलडाण्याचे जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे जाता येते. पडद्याचे भोक बुजवण्यासाठी बहुधा रुग्णाच्याच कानाजवळच्या स्नायूवरील पातळ पापुद्रा वापरतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. जाताना शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत न्यावे.