टर्की कोरडी का होते?

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण असतो. बहुतेक घरांत त्या दिवशी अख्खी टर्की भाजतात आणि मग वर्षभर तिच्या वाटेला कोणी जात नाही. पाच-सात किलोंचा पक्षी, घरात पाहुणे, जेवणाची वेळ ठरलेली आणि हाताला सवय अजिबात नाही, अशा परिस्थितीत कुणाचाही जीव टांगणीला लागणारच. टर्की विकणाऱ्या बटरबॉल या कंपनीने १९८१ मध्ये केवळ अशा धास्तावलेल्या लोकांसाठी फोनवर सल्ला देण्याची सोय केली आणि ती आजही चालू आहे. एवढे करूनही ताटात पडते ती बहुधा कोरडी, चोथट छाती, आणि ग्रेव्ही ओतून ती गिळावी लागते. याचा दोष टर्कीला देणे सोपे आहे, करणाऱ्याच्या हाताला देणे त्याहून सोपे. माझ्या मते दोष दोन सवयींचा आहे. पक्षी अखंड ठेवायचा आग्रह ही एक, आणि घड्याळ पाहून भाजणे ही दुसरी.

टर्की हा मुळात पायी हिंडणारा पक्षी आहे. तिच्या पायांचे स्नायू दिवसभर राबतात, छातीचे मात्र बहुतेक वेळ स्वस्थ असतात. राबणाऱ्या स्नायूंत प्राणवायू धरून ठेवणारे मायोग्लोबिन भरपूर असते, म्हणून पायाचे मांस गडद दिसते. त्यात कोलॅजन नावाचा चिवट भागही जास्त असतो. ७० अंश सेल्सिअसच्या पुढे काही वेळ राहिल्यावर हे कोलॅजन विरघळून मऊ जिलेटिन होऊ लागते, म्हणून मांडी ८० अंशांच्या आसपास गेली की खरी लुसलुशीत लागते. छातीचे गणित नेमके उलटे. तिथे विरघळण्यासारखे कोलॅजन फारसे नाहीच. ६५ अंशांच्या जवळ ते मांस शिजलेलेही असते आणि रसाळही. ७० ओलांडले की तंतू आवळत जातात आणि पिळलेल्या फडक्यासारखे पाणी बाहेर टाकतात. आता हा पक्षी नेहमीच्या पद्धतीने ओव्हनमध्ये ठेवा. जिला कमी उष्णता हवी ती छाती घुमटासारखी वर, उघड्यावर असते. जिला जास्त हवी ती मांडी अंगाशी दुमडलेली आणि तिचा सांधा आत दडलेला. त्यात गेल्या शतकात अमेरिकी बाजारात रुंद छातीच्या पांढऱ्या टर्कीची जात सर्वत्र पसरली. छातीचे मांस वाढावे म्हणूनच ती घडवली गेली. तिचा देह इतका बेढब झाला आहे की नर-मादीचे नैसर्गिक मीलन होत नाही, कृत्रिम रेतन करावे लागते. तेव्हा पूर्वीच्या आज्यांना कुठे लागत होती ही शास्त्रे, असे कोणी म्हटले तर एवढे लक्षात घ्यावे की त्यांच्या हाती आला तो पक्षी वेगळा, अरुंद छातीचा होता.

घड्याळाचा हिशेब इथेच चुकतो. ‘दर पौंडाला इतकी मिनिटे’ हा नियम पक्षी किती गार होता, ओव्हन खरोखर किती तापतो आणि पक्ष्याची ठेवण कशी आहे, यांतले काहीच विचारत नाही. टर्कीत खोचून मिळणारी ती प्लॅस्टिकची कळ, जी शिजल्यावर टप्पकन वर येते, तिच्यावर तर अजिबात विसंबू नये. आतला धातू वितळला की स्प्रिंग सुटते, एवढीच ती करामत. आणि ती सहसा ८० अंशांच्या पुढे सुटते, तोवर छातीचा निकाल लागलेला असतो. साधा डिजिटल थर्मामीटर मात्र खोटे बोलत नाही. त्याचे टोक छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचे, कारण हाडाला टेकले तर आकडा फसवतो. मग तसेच मांडीच्या आतल्या बाजूला.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. कच्च्या टर्कीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर असू शकतात. म्हणून अमेरिकेचे कृषी खाते सांगते की पक्ष्याचा प्रत्येक भाग ७४ अंशांना पोचला पाहिजे. हा आकडा अशासाठी निवडलेला आहे की त्या तापमानाला जंतू जवळजवळ तत्क्षणी मरतात. त्याहून कमी, म्हणजे ६५-६६ अंशांनाही ते मरतात, पण ते तापमान काही मिनिटे टिकावे लागते. घरगुती स्वयंपाकात, विशेषतः पंगतीला म्हातारी माणसे, लहान मुले किंवा गरोदर बाई असेल तर, ७४ चाच आकडा धरावा. तरीही त्याचा अर्थ ८५ होत नाही. छाती ७० ला आली की ओव्हनमधून काढावी. बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि पारा आणखी काही अंश चढतो. तो ७४ वर गेलेला डोळ्यांनी पाहावा, न गेल्यास परत आत ठेवावे. पक्षी कापण्याआधी वीस-पंचवीस मिनिटे निवू द्यायचा असतोच.

मिठाचे काम मात्र आदल्या दिवशीच करून ठेवायचे. दर किलोला सुमारे १० ग्रॅम मीठ अंगभर चोळून पक्षी एक-दोन दिवस फ्रिजमध्ये उघडा ठेवला की ते मीठ मांसातल्या प्रथिनांची घडण सैल करते आणि भाजताना ती पाणी धरून ठेवतात. कातडीही सुकते, त्यामुळे कुरकुरीत होते. (पाकिटावर मिठाचे पाणी टोचल्याचे लिहिले असेल तर हे करू नये, खारट होईल.) गोठलेली टर्की आणली असेल तर फ्रिजमध्ये वितळायला दर दोन किलोंना एक दिवस धरावा, म्हणजे सहा किलोंच्या टर्कीची तयारी आदल्या शनिवारपासूनच. अमेरिकेतली मराठी घरे मुलांच्या हौसेखातर टर्की करतात तेव्हा आले-लसूण, दही, तिखट यांचे वाटण लावतात. ते चवीला छानच लागते, पण एवढ्या जाड मांसात वाटण खोल शिरत नाही. आत पोचते ते मीठ. म्हणून मीठ आधी, आणि वाटण नंतर, कातडीखाली बोटे घालून थेट मांसावर. दर अर्ध्या तासाला दार उघडून वरून रस ओतत बसण्याने मात्र काही साधत नाही. रस मांसात मुरत नाही, कातडी मऊ पडते आणि प्रत्येक वेळी ओव्हन गार होतो.

इतके करूनही आकाराचा पेच उरतो, आणि तो सोडवायची वाट कात्रीतून जाते. पक्षी पालथा घालायचा. मजबूत किचन कात्रीने पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, शेपटाकडून मानेकडे, बरगड्या कापत जायचे. हाडे कडकड मोडतात, मांडीच्या सांध्यापाशी जोर लावावा लागतो. कणा निघाला की पक्षी उलटायचा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायचे. हाड तडकल्याचा आवाज येतो आणि टर्की ट्रेवर सपाट पसरते. आता मांड्या बाहेरच्या कडेला, थेट उष्णतेत येतात आणि छाती मधे, कातडीच्या आच्छादनाखाली. सगळ्याची जाडी जवळपास सारखी. सहा किलोंच्या अखंड टर्कीला १६३ अंशांच्या ओव्हनमध्ये तीन-साडेतीन तास लागतात. हीच पसरलेली टर्की २३० अंशांना साधारण दीड तासात होते आणि मांडी व छाती आपापल्या योग्य तापमानाला जवळजवळ एकाच वेळी येतात. ज्युलिया चाइल्ड यांच्यासारख्या नामवंत पाककर्त्या तर पक्ष्याचे भाग सुटे करून भाजायला शिकवत असत.

पण मग टेबलावर मधोमध ठेवलेला तो सोनेरी, अखंड पक्षी? सणाची शोभा त्यातच आहे, हा आक्षेप मला सर्वांत समजण्यासारखा वाटतो. टर्की पहिल्यापासून मिरवण्याचाच पक्षी आहे. मूळ मेक्सिकोची, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेलेली. १६१२ मध्ये गोव्याहून जहांगीर बादशहाच्या दरबारी आली तेव्हा त्याने मन्सूर या चित्रकाराकडून तिचे चित्र काढून घेतले, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पण थँक्सगिव्हिंगच्या ताटातली अखंड टर्की ही पुष्कळशी अलीकडची घडण आहे. पहिले थँक्सगिव्हिंग मानल्या जाणाऱ्या १६२१ च्या प्लिमथ वसाहतीतल्या मेजवानीविषयी तिथल्याच एडवर्ड विन्स्लो यांच्या पत्रात हरणे आहेत, रानपक्षी आहेत. टर्कीचे नाव नाही. लेखिका आणि संपादक सारा जोसेफा हेल यांनी हा राष्ट्रीय सण व्हावा म्हणून वर्षानुवर्षे लिहिले, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६३ मध्ये तशी घोषणा केली, आणि नॉर्मन रॉकवेल यांच्या १९४३ च्या चित्राने आजीच्या हातातली अख्खी टर्की घराघरांत पोचवली. ते चित्र मनात असलेल्या माणसाला खुशाल अखंड टर्की भाजू द्यावी. फक्त पोटात सारण भरू नये. सारण ७४ अंशांना येईपर्यंत छाती वाळून जाते. ते वेगळ्या भांड्यात भाजावे. आणि ज्याने कणा काढला त्याच्या हाती आणखी एक गोष्ट लागते. तो कणा, मान आणि पंखांची टोके कांदा-गाजराबरोबर परतून दोन तास उकळत ठेवली की पक्षी ओव्हनमध्ये जाण्याआधीच ग्रेव्हीचे पाणी तयार असते.