खवाट्याच्या हाडावरील साध्या गाठी : सातारा-सांगलीतील निदानाचा मागोवा

वाढत्या वयात खवाट्याच्या हाडावर येणाऱ्या साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठींत ऑस्टिओकॉन्ड्रोमा सर्वाधिक आढळतो. वाढीच्या कूर्चेचा भाग आडवाटेने वाढतो, हाडाला उंचवटा येतो आणि त्यावर कूर्चेची टोपी बसते. उंची वाढायची थांबली की गाठही बहुधा थांबते.

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय उभारले, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला एक वर्ष अवकाश होता. तपासणीची भिस्त बोटांवरच. पाठीच्या बाजूची गाठ हाताला लागे. बरगड्यांकडची मात्र लपून राही. अशी गाठ हात वर नेताना बरगड्यांवर घासते, कटकट वाजते आणि पाठीवर तळहात ठेवल्यास तो खटका स्पष्ट जाणवतो. कधी खवाटा एका बाजूने उचलल्यासारखा दिसतो. तालमीत जोर मारणाऱ्या पोराची पाठ अशी वाजू लागली, तर लचक भरली असेच कुणालाही वाटेल. चोळून ही गाठ जिरत नाही, हे निराळे.

एक्स-रेनेही प्रश्न पुरता सुटला नाही. समोरून काढलेल्या फिल्मवर खवाटा आणि बरगड्या एकमेकांवर येतात. बाजूचा एक्स-रे काढला तरच गाठीचा देठ दिसतो. खरा फरक सीटी स्कॅनने पडला. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी झाला. पुढे आलेल्या एमआरआयवर टोपीची जाडीही मोजता येऊ लागली.

दरम्यान उपचार जवळ आले. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे, कराडच्या कृष्णा रुग्णालयाचे महाविद्यालय १९८४ चे. अंगावर अनेक गाठी असणाऱ्या घराण्यांचे कोडे १९९०च्या दशकात उलगडले: ईएक्सटी-१ व ईएक्सटी-२ या जनुकांतील दोष. तो आई किंवा वडिलांकडून अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते.

गाठ दिसली की कापायची, हा आग्रह मात्र चुकीचा. दुखत नसेल, हालचाल अडत नसेल, तर ठरावीक काळाने तपासणी पुरते. काढायचीच झाली तर टोपीसकट काढावी लागते. तुकडा राहिला तर ती पुन्हा येऊ शकते. एकट्या गाठीचा कर्करोग होण्याचे प्रमाण सुमारे एक टक्का धरले जाते.

तरीही खवाट्यावरची प्रत्येक गाठ साधी नसते. मुलांत युइंग सार्कोमा हा हाडाचा कर्करोगही तिथे होतो. वाढीचे वय उलटल्यावर गाठ मोठी होऊ लागली, रात्री ठणकू लागली किंवा सोबत ताप आला, तर मलम लावत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.